मिठाचा बर्फ

नोव्हेंबर संपत आला, थँक्सगिव्हिंगचे पाहुणे आपापल्या घरी गेले, की शिकागोच्या आमच्या उपनगरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत काचेच्या बरण्यांची फळी भराभर रिकामी व्हायला लागते. लोणच्याच्या, मुरंब्याच्या, गोळ्या ठेवायच्या; बुटक्या, उभट, कशाही. घेणाऱ्या बायका बरणी उजेडात धरून काच बघतात, कडेवरून बोट फिरवतात, झाकण दोनदा लावून-काढून बघतात. यांत लोणचं पडणार नसतं. नाताळच्या सजावटीसाठी यांचे स्नो ग्लोब होणार असतात, आणि तेही बिनपाण्याचे.

नेहमीचा स्नो ग्लोब आपल्याकडेही आता परदेशवारी करून आलेल्यांच्या शोकेसमधून ओळखीचा झाला आहे. काचेचा गोळा, आत पाणी, एखादं चर्च नाहीतर आयफेल टॉवर. गोळा उलटा करून सरळ केला की पांढरे कण भिरभिरत खाली येतात. बिनपाण्याच्या ग्लोबात यातलं काहीच होत नाही. बरणी, तळाशी मीठ किंवा तसलंच काहीतरी पांढरं, त्यात रोवलेली दोन-तीन झाडं, एक घर, जमलं तर एखादं हरीण. हलवायचं नाही, हलवलंत तर हरीण घरावर पडेल. ज्या एका गमतीसाठी लोक स्नो ग्लोब हातात घेतात, तीच यातून काढून टाकलेली. पहिल्यांदा बघणारा म्हणतोच, मग यात राहिलं काय?

राहतो तो पडून गेलेला बर्फ. जिथे खरोखर हिवाळा असतो तिथल्या माणसाला हाच बर्फ ठाऊक असतो. भुरभुरणारा बर्फ दोन-चार तासांचा. तो खिडकीतून बघायचा, फोटो काढायचे, भारतात पाठवायचे. पडलेला बर्फ मात्र आठवडेच्या आठवडे अंगणात मुक्काम ठोकून बसतो. त्यातून वाट काढायची, गाडी उकरून काढायची, त्याच्यावर कुठल्या सशाची पावलं उमटली ते सकाळी चहा पिताना बघायचं. पाण्याचा ग्लोब हे बर्फ पाहायला आलेल्या पाहुण्याचं चित्र आहे. कोरडी बरणी बर्फात राहणाऱ्याची.

तरीही पाण्याच्या ग्लोबची हकिगत सांगायलाच हवी, कारण तिच्यात आपला रवा आहे. १९०० च्या सुमारास व्हिएन्नात एर्विन पेर्झी नावाचा एक कारागीर शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायचा. त्या काळच्या विजेच्या दिव्यांचा उजेड डॉक्टरांना पुरत नसे, तो वाढवता येतो का ते तो बघत होता. चांभार लोक पाण्याने भरलेला काचेचा गोळा मेणबत्तीपुढे धरून उजेड कामावर एकवटत. पेर्झीने तीच युक्ती घेतली आणि उजेड आणखी फाकावा म्हणून पाण्यात निरनिराळे कण टाकून पाहिले. त्यात रवाही टाकला. रवा पाणी पिऊन जड झाला आणि सावकाश, तरंगत तळाला बसू लागला. दिव्याचं काही साधलं नाही, पण पेर्झीला त्यात बर्फ दिसला. मारियात्सेल या तीर्थक्षेत्रातल्या चर्चची छोटी प्रतिकृती त्याने गोळ्यात बसवली आणि धंदा सुरू झाला. त्याचं घराणं आजही व्हिएन्नात हेच करतं, आणि आताचा बर्फ कशाचा बनवतात हे घरातल्या घरात ठेवलेलं गुपित आहे. पाण्याने भरलेले असे पेपरवेट त्याच्या आधी, १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनातही लोकांनी पाहिले होते. त्यांत छत्री घेतलेला माणूस होता. पण शिऱ्याच्या रव्यातून बर्फ पाडण्याचा मान पेर्झीचा. माझ्या आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "बारीक का जाड?"

घरी पाण्याचा ग्लोब करायला बसलं की मात्र पेर्झी घराण्याबद्दलचा आदर फार वाढतो. नळाचं पाणी चालत नाही, काही दिवसांत गढूळ होतं, कधी हिरवट शेवाळ धरतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणायचं. कण सावकाश पडावेत म्हणून त्यात ग्लिसरीन, पण बेतानं. जास्त झालं तर कण चिकटून गोळे होतात. वर एक हवेचा बुडबुडा राहतोच आणि तो नेमका चर्चच्या कळसाला जाऊन टेकतो. झाकणातून थेंब थेंब पाझरतं ते वेगळंच. विकतच्या ग्लोबांचे प्रश्न निराळे. काहींमध्ये पाणी गोठू नये म्हणून इथिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. ते चवीला गोड आणि मांजरांना जीवघेणं, त्यामुळे ग्लोब फुटला की घरातलं मांजर आधी दुसऱ्या खोलीत कोंडायचं. पाण्याचा गोळा भिंगाचंही काम करतो; खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या ग्लोबने पडदा पेटवल्याच्या घटना घडल्या आहेत. आणि विमानतळावर तर हातातल्या बॅगेत न्यायचा ग्लोब टेनिसच्या चेंडूपेक्षा मोठा नको, हा अमेरिकेचा अधिकृत नियम आहे, कारण आतलं पाणी शंभर मिलिलिटरच्या आत बसलं पाहिजे. मिठाची बरणी यातल्या कशातच अडकत नाही.

पाण्याच्या ग्लोबवरचा माझा खरा आक्षेप मात्र यातला एकही नाही. तो उघडत नाही, हा आहे. ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' (१९४१) ज्यांनी पाहिला असेल त्यांना सुरुवातीचा तो प्रसंग आठवत असेल. मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातातून स्नो ग्लोब निसटतो, पायऱ्यांवरून घरंगळतो आणि फुटतो. त्या गोळ्याच्या आत जायला दुसरा रस्ताच नसतो. जे एकदा आत ठेवलं ते कायमचं, आणि बाहेरून फक्त हलवत राहायचं. बरणीचं झाकण मात्र फिरतं.

आमच्या शेजारी एक पोलिश वंशाच्या आजी राहतात, ऐंशीच्या घरातल्या. शिकागोत पोलिश वस्ती मोठी आणि जुनी, त्यातल्या त्या. त्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकीत चढत्या उंचीच्या बरण्यांची रांग दर डिसेंबरला लागते आणि दर वर्षी आतलं काहीतरी बदललेलं असतं. नातवाला गाडीचं लायसन्स मिळालं त्या वर्षी एका बरणीत बोटाच्या पेराएवढी लाल गाडी आली, टपावर दोऱ्याने बांधलेलं ख्रिसमसचं झाड घेऊन. एका मुलीने घर बदललं तर घराचा रंग बदलला. नव्या कुत्र्यासाठी हरणाला बाहेर जावं लागलं. कुटुंबाचं वर्षभराचं वर्तमान त्या बरण्यांतून कळतं आणि त्यासाठी कुणाला काही विचारावं लागत नाही. बरण्या करायला मी त्यांच्याकडेच शिकले.

करायला सोपं आहे म्हणतात, आणि आहेही, पण त्यात कसब आहे. बरणी रुंद तोंडाची हवी. इथे त्यासाठी मेसन जार वापरतात. जॉन मेसनने १८५८ साली आट्याच्या झाकणाची ही बरणी पेटंट केली ती घरी फळं-भाज्या टिकवून ठेवायला. तिच्या रुंद तोंडाच्या जातीत हात जवळजवळ मनगटापर्यंत जातो, निदान माझा जातो. काही जण बरणी उलटी वापरतात: झाकणावर देखावा उभा करायचा, वरून बरणी पालथी घालून फिरवायची. दिसायला ते खऱ्या ग्लोबच्या जवळ जातं. मला सुलटी आवडते, कारण तिच्यात बर्फ ओतता येतो.

आणि तो ओतणं हाच या सगळ्यातला सुखाचा भाग. आधी तळाशी जाडं मीठ, टेकडीपुरतं. इथे एक अडचण येते. कोरड्या मिठाचा ढीग तीस-पस्तीस अंशांच्या वर चढत नाही. कितीही निगुतीने रचा, तो आपल्या उताराला येऊन थांबतो. उंच टेकडी हवी असेल तर खाली कागदाचा बोळा किंवा कापूस दाबून बसवायचा आणि त्याच्यावरून मीठ सोडायचं. मग झाडं. ही झाडं बाटल्या घासायच्या ब्रशासारखी तारेवर पीळ देऊन केलेली असतात, घायपाताच्या धाग्यांची. हिरवी मिळतात, पण आजी ती ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पाणी हिरवं होत जातं आणि झाड फिकट, मग पिवळसर, मग जुन्या हस्तिदंताच्या रंगावर येतं. बर्फात सगळ्यात शोभतं ते हेच. झाड बरणीच्या तोंडातून आत जाताना फांद्या वर दुमडतात आणि आत गेल्यावर हलकेच उघडतात. लांब चिमट्याने बुंधा धरायचा, मिठात दाबायचा, चिमटा सोडायचा, आणि श्वास रोखून बघायचं. ते कलतं. पुन्हा धरायचं. बुंध्याला ग्लू गनचा थेंब लावला तर हा त्रास वाचतो, म्हणून लावावा.

शेवटी वरचा थर, एप्सम सॉल्टचा. पाय दुखले की गरम पाण्यात टाकायचं ते हेच, अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात सापडतं. साध्या मिठाचे चौकोनी दाणे दिव्याखाली साखरेसारखे दिसतात. एप्समचे लांबट, पारदर्शक खडे उजेड मोडून इकडे-तिकडे फेकतात, आणि दोन-तीन दिवसांचा, वर पातळ कवच आलेला बर्फ असतो ना, तसा तो दिसतो. कागदाचं नरसाळं करून ते झाडांच्या फांद्यांवर, घराच्या छपरावर सोडायचं. काचेला जे कण चिकटतात ते रंगाच्या कोरड्या ब्रशाने खाली उतरवायचे. कुणी थर्माकोलचे दाणे वापरतात. ते काचेला असे चिकटतात की ब्रशाने पाठलाग करता करता आपलाच तोल जातो. शिवाय त्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न महाराष्ट्राला तरी मी सांगायची गरज नाही. चमकीही नको. ती मार्चमध्ये भाजीत सापडते.

एप्समची एक खोड सांगून ठेवते. इथे हिवाळ्यात घरं तापवतात, त्यामुळे आतली हवा ठणठणीत कोरडी असते. बरणी नीट बंद न करता गरम हवेच्या झरोक्याजवळ ठेवली तर काही आठवड्यांत ते चमकदार खडे पांढरट, पिठासारखे होतात. कारण त्यांच्यातलं पाणी उडून जातं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू स्फटिकात बसलेले असतात; वजनाने निम्म्याहून जरा जास्त. म्हणजे बिनपाण्याच्या ग्लोबमधला बर्फसुद्धा निम्मा पाणीच आहे.

खोटा बर्फ करायचा माणसाचा नाद मात्र जबरदस्त. १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेत नाताळच्या झाडावर भुरभुरायला ॲस्बेस्टॉसचा बर्फ खोक्यांतून विकत मिळे. पेट घेत नाही म्हणून तो सुरक्षित समजला जाई! सिनेमावाले कॉर्नफ्लेक्स पांढरे रंगवून उधळत, पण त्यांच्यावरून नट चालले की इतका कुरकुराट होई की संवाद नंतर पुन्हा भरावे लागत. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) या चित्रपटासाठी फ्रँक काप्राच्या लोकांनी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून नवा, मुका बर्फ तयार केला. चित्रीकरण चाललं होतं कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात. नाताळ म्हटला की आज अमेरिकेच्या डोळ्यांपुढे येणारं ते हिमाच्छादित गाव घामाघूम नटांनी उभं केलेलं आहे. त्यामानाने आपलं मीठ फारच सोज्ज्वळ.

या मिठावरूनच आईची आणि माझी जुंपली होती. ती सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि तिचा तो इथला पहिला हिवाळा. मीठ सांडू नये, पायाखाली येऊ देऊ नये, या मतात तिचं आयुष्य गेलेलं. आल्यावर बघते तर काय, बर्फाची बातमी आली की नगरपालिकेचे ट्रक रस्त्यावर मीठ उधळत निघतात! ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अगं, हे मीठ आहे? खायचं?" खायचं नाही, पण मीठच, खाणीतून काढलेलं. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खाली, मिठाची मोठी खाण आहे. लोक वर नोकऱ्या करतात आणि खाली रस्त्यांसाठी मीठ खणलं जातं. मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, त्यामुळे बर्फावर मीठ पडलं की तो वितळायला लागतो. थंडी फारच कडाडली, उणे नऊ-दहा सेल्सियसच्या खाली गेली, की साध्या मिठाचीही मात्रा चालेनाशी होते. हे सगळं तिने ऐकून घेतलं. मग टेबलावरच्या बरणीकडे बोट केलं. "आणि इथे त्याच मिठाचा बर्फ केलायस."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण मला ते पटलं आणि अजून पटतं. रस्त्यावर ज्याचं काम बर्फ घालवायचं, तेच बरणीत बर्फाचं सोंग घेऊन बसतं. आणि हे सोंग ते चोख वठवतं, कारण वितळत नाही. खरा बर्फ तिसऱ्या दिवशी राखाडी होतो, रस्त्याच्या कडेला डांबराच्या रंगाचे ढीग लागतात, त्यांतून कॉफीचे कप डोकावतात. बरणीतला बर्फ सोमवारच्या सकाळीही रविवारसारखाच असतो. ही खोटेपणाची चैन वर्षाकाठी महिनाभर करायला माझी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी आईच चिमटा घेऊन बसली. बसली ती उठेना. घर मध्यभागी नको, टेकडीच्या आडोशाला पाहिजे; वाट सरळ नको, वळणाची हवी; दारापर्यंत वाट गेलीच पाहिजे, नाहीतर आतली माणसं बाहेर कशी पडणार? हे कुठल्याही पुस्तकात न वाचता तिला ठाऊक होतं, कारण आमच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला तिच्याच देखरेखीखाली व्हायचा. दगड-विटांवर चिखलाचं पोतं अंथरायचं, हळीव पेरायचे, आरशाच्या तुकड्याचं तळं, बुरुजांवर मातीचे मावळे. महाराज सिंहासनावर, आणि ते नेहमी महादरवाजापेक्षा दुप्पट उंच. त्याबद्दल कुणालाही कधी काही वाटलं नाही.

प्रमाणाचा हा प्रश्न बरणीतही येतो. छोट्या आगगाड्यांचे हौशी लोक असतात, ते एकाला सत्त्याऐंशी या प्रमाणाचे पक्के. त्यांच्या दुनियेत माणूस दोन सेंटिमीटरच्या आसपास, आणि घर, दिवा, बाक सगळं त्याच हिशेबात. त्यांच्याकडचं सामान बरणीत घातलं तर देखावा निर्दोष होतो आणि थोडा निर्जीवही. आजींच्या बरणीतलं हरीण घराच्या धुराड्याला नाक लावू शकेल एवढं आहे. त्यांना ते हरीण आवडतं, म्हणून ते मोठं. महाराजांचा न्याय तोच.

असे देखावे मांडायची हौस काही एका देशाची नाही. १७४१ च्या नाताळात पेनसिल्व्हेनियातल्या ज्या वसाहतीचं नाव बेथलेहेम ठेवलं गेलं, तिथले मोरेव्हियन पंथाचे लोक रानातून शेवाळ, दगड, ओंडके आणून ख्रिस्तजन्माचे मोठाले देखावे मांडत आले आहेत. आमच्या वसईत गावोगाव नाताळचे गोठे होतात, पेंढ्याचे. गोव्यात गोठ्यापुढे हिरवळ हवी म्हणून नाचणी रुजत घालतात. आणि डिसेंबरातही पंखा लागणाऱ्या त्या घरांमधून गोठ्याच्या छपरावर कापसाचा बर्फ अंथरलेला असतो. यावर हसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ख्रिस्तजन्माचं मूळ बेथलेहेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच आहे आणि तिथे अधूनमधून बर्फ पडतोही. तेव्हा वसईचा कापूस अगदीच चुकीचा नाही.

आपल्याकडे कुणाला करून बघायचं असेल तर एप्सम सॉल्ट औषधांच्या दुकानात मिळतं आणि खताच्या दुकानातही, तिथे ते स्वस्त पडतं. बाकी बरणी कुणाच्याही माळ्यावर असते. किनारपट्टीच्या दमट हवेत साधं मीठ पाझरतं, तेव्हा झाकण घट्ट हवं. रवा मात्र वापरू नका. पेर्झीचा मान राखायचा म्हणून मी तो बरणीत घालून पाहिलेला आहे. तो पिवळट दिसतो आणि पुढे त्याला जाळी धरते. साखर घालायचा विचार मनात आला असेल तर मुंग्यांशी आधी बोलून घ्या.

घर चिकटवा, झाड चिकटवा, हरीण चिकटवा. झाकण तेवढं चिकटवू नका. पुढच्या डिसेंबरात तुमच्या घरात कोण आलेलं असेल, कोण कुठे राहायला गेलेलं असेल, सांगता येत नाही, आणि ते आत ठेवायला हात आत जायला हवा. सण संपला की मीठही टाकून देऊ नका. एप्सम डब्यात भरून ठेवता येतं. खालचं जाडं मीठ आमच्याकडे जानेवारीत पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर जातं, बर्फ वितळवायला.